पदवी तीन वर्षांतच हातात यावी म्हणून : सोलापूर विद्यापीठाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

माझी बी.कॉम.ची पदवी तीन वर्षांऐवजी चार वर्षांनी हातात आली. ते जास्तीचे वर्ष गेले दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पापायी. प्रकल्प मी लिहिला होता. कंबर तलावावर पंचवीस पाने, हाताने काढलेल्या आकृत्यांसह. वर्गाच्या फायली गोळा करणाऱ्या मित्राच्या हाती तो दिलाही होता. त्या वर्षीच्या गुणपत्रिकेत त्या विषयासमोर आकड्याच्या जागी एक आडवी रेघ होती, पण ‘नापास’ हा शब्द कुठेच नव्हता, म्हणून त्या रेघेकडे मी कधी नीट पाहिले नाही. सहाव्या सत्रात सगळे विषय सुटले, घरी पेढे वाटून झाले, आणि मग कळले की अंतिम निकाल राखीव ठेवला आहे. कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून दोरीने बांधलेला गठ्ठा निघाला, नोंदवही निघाली. तीत वर्गातल्या सगळ्यांच्या नावापुढे सह्या होत्या, माझ्या नावापुढे नव्हती. फाईल वाटेत कुठे राहिली हे आजवर कळलेले नाही. पुढच्या तुकडीबरोबर प्रकल्प पुन्हा दिला, गुण भरले गेले, पण तोवर एम.कॉम.चे प्रवेश संपले होते.

आता मी चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानाचे हिशेब लिहितो आणि नात्यातली, गल्लीतली मुले आपापल्या गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या गुणपत्रिका पाहून माझे मत असे झाले आहे की, अवघड विषयामुळे पदवी रखडल्याची उदाहरणे थोडी, आणि कुणी मनावर न घेतलेला दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय, न तपासलेला परीक्षा अर्ज किंवा न घेतलेली पोच यांमुळे रखडल्याची उदाहरणे पुष्कळ. अभ्यास कसा करावा हे तुमचे प्राध्यापक सांगतीलच. ज्यांच्या घरातून कॉलेजात जाणारे हे पहिलेच मूल आहे, त्यांना कागदांची आणि तारखांची बाजू सांगणारे सहसा कुणी नसते. ती बाजू येथे क्रमाने मांडली आहे.

१. आपल्याला कोणते नियम लागू आहेत, हे पहिल्या आठवड्यात ठरवा

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्यामुळे एक सोय झाली आहे. तुम्ही करमाळ्यात शिकत असा की अक्कलकोटला, अभ्यासक्रम, परीक्षांच्या तारखा आणि उत्तीर्णतेचे नियम केगावच्या एकाच आवारातून निघतात. अपवाद स्वायत्त महाविद्यालयांचा आहे. तेथील पदवी विद्यापीठाचीच असते, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि पुनर्मूल्यांकनाच्या मुदती ते महाविद्यालय स्वतः ठरवते. आपले महाविद्यालय स्वायत्त आहे की संलग्न, हे ठाऊक नसलेला विद्यार्थी शेजारच्या कॉलेजातल्या मित्राची तारीख ऐकून निर्धास्त राहतो आणि त्याची स्वतःची मुदत निघून गेलेली असते.

दुसरा प्रश्न तुकडीचा. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला आलेल्या तुकडीपासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. तुमच्या थोरल्या भावाने किंवा गल्लीतल्या दादाने ज्या नियमांवर पदवी घेतली, ते नियम तुम्हाला लागू असतीलच असे नाही. दादाचा सल्ला प्रेमाने ऐकावा, मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या अभ्यासक्रमाची, आपल्या प्रवेशवर्षापासून लागू झालेली प्रत उतरवून घ्यावी. सगळी छापण्याची गरज नाही. सुरुवातीची सत्रनिहाय तक्ता देणारी पाने आणि उत्तीर्णतेचे आणि ए.टी.के.टी.चे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचे, नियम असलेली पाने यांची झेरॉक्स काढा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

२. हिशेबाची वही घाला

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून येथे थोडा थांबतो.

नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, लागतात. दर सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक येतात. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. हे श्रेयांक एका जातीचे नसतात. मुख्य विषयाचे म्हणजे मेजरचे वेगळे, मायनरचे म्हणजे जोडविषयाचे वेगळे, खुल्या वैकल्पिक विषयाचे वेगळे, त्याखेरीज कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी खाती आहेत. प्रत्येक खात्यात ठरलेली रक्कम जमा व्हावी लागते. मेजरमध्ये भरघोस गुण मिळवून मूल्यशिक्षणाची तूट भरून काढता येत नाही. आमच्या दुकानात साडीच्या खात्यावरची शिल्लक सुताच्या खात्यावर टाकता येत नाही, तसेच हे आहे.

दोनशे पानी वही घ्या. एका सत्राला दोन समोरासमोरची पाने द्या आणि असे रकाने आखा : विषयाचे नाव, विषयाचा कोड, श्रेयांक, कोणत्या खात्यातला, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, विद्यापीठ परीक्षेचे गुण, विषय सुटला का, आणि गुणपत्रिकेवर तसा छापून आला का. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवा. माझा विषय माझ्या समजुतीप्रमाणे सुटलेला होता. गुणपत्रिकेच्या लेखी तो घेतलेलाच नव्हता.

मंद्रूपहून रोज येणाऱ्या माझ्या भाचीने बी.ए.च्या पहिल्या सत्रापासून अशी वही ठेवली आहे. एका सत्राच्या निकालानंतर तिने श्रेयांकांची बेरीज केली तर ती २२ ऐवजी २० आली. गुणपत्रिकेवर उत्तीर्ण असे छापलेले असल्याने वर्गातल्या कुणाला शंका आली नव्हती. शोध घेतल्यावर उघड झाले की सहअभ्यासक्रमाच्या यादीत तिचे नाव दुसऱ्या तुकडीत पडले होते आणि तिचे गुण भरलेच गेले नव्हते. तिने त्याच आठवड्यात लेखी अर्ज दिला आणि दुरुस्ती झाली. तीच चूक तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सापडली असती, तर त्या शिक्षकांची बदली झालेली असती, यादी सापडली नसती आणि ‘पुन्हा करून द्या’ एवढेच उत्तर मिळाले असते.

३. प्रवेशाच्या वेळची कागदपत्रे एकदाच नीट करा

पुढील कागद एका फायलीत ठेवा, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स प्रती काढून ठेवा :

– दहावीचे व बारावीचे गुणपत्रक आणि प्रमाणपत्र
– शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला महाविद्यालयात जमा होतो, म्हणून आधी झेरॉक्स काढा
– आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेले बँक खात्याचे पासबुक
– जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, यांपैकी जे लागू असेल ते
– शिक्षणात खंड असल्यास त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र
– दुसऱ्या राज्यातील मंडळातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात
– श्रेयांक बँकेचा, म्हणजे मिळवलेले श्रेयांक ज्या ऑनलाइन खात्यावर जमा होतात त्याचा, बारा अंकी अपार क्रमांक

यांतील मायग्रेशनचा कागद सर्वांत जास्त फसवतो. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने विजयपूर किंवा कलबुर्गीकडून बारावी करून येणारे विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना प्रवेश मिळतो, वर्गही सुरू होतात, आणि पात्रता म्हणजे एलिजिबिलिटी मात्र तात्पुरती राहते. ती कायम न झाल्यास पुढे निकाल अडतो. ‘नंतर आणून देतो’ असे लिहून दिले असेल, तर ते नंतर पहिल्या सत्राच्या आत यावे.

नावाच्या स्पेलिंगचेही तसेच. पूर्व भागातील पुष्कळ तेलुगू आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे. अपार क्रमांक आधारवरून निघतो आणि गुणपत्रिका महाविद्यालयाच्या नोंदीवरून. दोन्हींतील नाव जुळले नाही तर श्रेयांक खात्यावर दिसत नाहीत. दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घेणे सर्वांत सोपे. उलट दिशेने गेल्यास हेलपाटे फार पडतात.

४. विषय निवडताना तिसऱ्या वर्षाकडे पाहून निवडा

मेजर कोणता घ्यायचा हे तुमच्या आवडीवर सोडतो. मात्र तो विषय तुमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकवला जातो का, हे विचारल्याशिवाय अर्जावर लिहू नका. लहान महाविद्यालयांत काही विषय विद्यार्थीसंख्येअभावी पुढे बंद पडतात. खुला वैकल्पिक विषय निवडताना मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका, तासांचे वेळापत्रक पाहून घ्या. प्रयोगशाळेच्या तासाशी त्याची टक्कर होत असेल तर हजेरी दोन्हीकडची बुडते. विषय बदलायचा असल्यास पहिल्या पंधरा दिवसांत, लेखी अर्जाने बदला आणि बदलाची नोंद परीक्षा विभागापर्यंत पोहोचल्याची खात्री करा.

५. हजेरी आणि अंतर्गत गुण

सोलापुरात शिकता शिकता काम करणारी मुले भरपूर आहेत. कुणी टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करते, कुणी नव्या पेठेत दुकानात उभे राहते, कुणाच्या घरी आई विड्या वळते आणि मुलीला त्यात हात लावावा लागतो. ग्रामीण भागातून येणाऱ्यांची एस.टी. पहिल्या तासानंतरच स्टँडला लागते. ‘नियमित उपस्थित राहा’ एवढेच सांगून या मुलांना काही मिळत नाही, म्हणून आकड्यात सांगतो.

बहुतेक अभ्यासक्रमांत ७५ टक्के हजेरीची अट असते. दोन श्रेयांकांच्या विषयाचे सत्रभरात ३० तास होतात. त्यांतले ८ बुडाले की हजेरी ७३ टक्क्यांवर येते. म्हणजे आठवड्यातून दोन तास असलेला विषय चार आठवडे चुकवला की संपले. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते आणि गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार उठेपर्यंत कॉलेज खरे सुरू होत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जरूर जा. पण त्या पंधरवड्यात गेलेले तास उरलेल्या तासांतूनच वजा होतात.

काम करावेच लागत असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना किंवा मार्गदर्शक प्राध्यापकांना तसे सांगा. डिसेंबरात सांगितलेली अडचण त्यांना सोडवता येते, मार्चमध्ये सांगितलेली त्यांना फक्त ऐकता येते. आजारपण असेल तर बरे होऊन आल्याच्या आठवड्यातच वैद्यकीय प्रमाणपत्र द्या.

अंतर्गत मूल्यमापन म्हणजे चाचणी, गृहपाठ, सादरीकरण, प्रकल्प. पुष्कळ विषयांत अंतर्गत आणि विद्यापीठ परीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखी पेपरात उत्तम गुण असूनही गृहपाठ न दिल्याने विषय राहिलेला विद्यार्थी दर वर्षी भेटतो. येथे माझा एकच आग्रह आहे. गृहपाठ असो की प्रकल्प, तो स्वतःच्या हाताने द्या, नोंदवहीत स्वतः सही करा आणि सहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मित्र कितीही भरवशाचा असला तरी त्याच्या हाती देऊ नका.

६. परीक्षेचा अर्ज : पाच मिनिटांचे काम, एका वर्षाची किंमत

परीक्षा अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि तो भरण्यासाठी नेट कॅफेसमोर रांग लागते. कॅफेवाला भराभर बटणे दाबतो, शुल्क घेतो, प्रिंट हातात देतो. त्याला तुमचा मायनर कोणता हे ठाऊक नसते. अर्ज पक्का करण्याआधी समोरच्या पडद्यावरचा एकेक कोड आपल्या वहीतल्या कोडशी ताडून पाहा. सारख्या नावाचे विषय असतात, त्यांचे कोड वेगळे असतात. मराठीचा खुला वैकल्पिक आणि मराठीचा भाषाविषय यांत गल्लत होणे नित्याचे आहे. राहिलेल्या विषयांचा अर्ज काही वेळा वेगळा भरावा लागतो, आणि चालू सत्राचा अर्ज भरला म्हणजे तो आपोआप भरला गेला असे विद्यार्थी धरून चालतात.

शुल्क भरल्याची पावती, अर्जाची प्रत आणि महाविद्यालयात अर्ज जमा केल्याची पोच हे तीन कागद एकत्र टाचून ठेवा. मुदत चुकल्यास विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क, आणि त्यानंतर दार बंद, असा क्रम असतो. हॉल तिकीट आल्यावर पुन्हा तेच ताडणे करा. त्यावर एखादा विषय नसेल तर त्याच दिवशी परीक्षा विभाग गाठा. पेपरच्या सकाळी केंद्रावर जाऊन वाद घालणाऱ्याला कधी बसू दिले जाते, कधी नाही, आणि बसू दिले तरी त्याचा निकाल पुढे अडकण्याची भीती राहते.

७. निकालानंतरचे दहा-पंधरा दिवस

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाने शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल जाहीर करण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपलीकडे जाऊ नये, असे अपेक्षित आहे. ही मुदत वहीत लिहून ठेवा, म्हणजे निकाल केव्हापासून रोज पाहायचा हे कळेल. निकाल लागल्यापासून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत सुरू होते, आणि ती फार थोड्या दिवसांची असते. निकाल लागला हे आठ दिवसांनी कळलेल्याच्या हातात जवळपास काहीच उरत नाही.

ज्या विषयात अपेक्षेपेक्षा फार कमी गुण आले, त्याची आधी छायाप्रत मागवा. ती आल्यावर बेरीज स्वतः करा, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का ते पाहा, आणि त्या विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा. ते म्हणाले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. राग आला म्हणून सगळ्याच विषयांचे अर्ज भरणारे विद्यार्थी असतात. ते पैसे बहुधा वाया जातात. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. परंतु विद्यापीठाची स्वतःची छायाप्रतीची वाट उघडी असताना तीच जवळची.

एक धोका येथे नोंदवतो. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख उलटून जाऊ शकते. पुनर्मूल्यांकनात विषय निघेल अशी आशा असली, तरी त्या विषयाचा पुढचा अर्ज भरून ठेवावा. शुल्क वाया गेले तर काही शेकड्यांचे नुकसान, अर्ज राहिला तर वर्षाचे.

निकालासमोर ‘राखीव’ असा शेरा असेल, रेघ असेल, किंवा प्रत्यक्ष पेपर दिलेला असताना गैरहजर दाखवले असेल, तर त्याच दिवशी महाविद्यालयात जा. थेट केगावला धावू नका. विद्यापीठ बहुतेक प्रकरणांत महाविद्यालयामार्फत आलेलाच अर्ज हाती घेते आणि तुम्हाला परत पाठवते. पुणे रस्त्यावरचा तो फेरा फुकट जातो. अर्ज प्राचार्यांच्या नावे लिहा, सोबत हॉल तिकिटाची प्रत जोडा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने दिलेलाच नसतो. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर तो क्रमांक नमूद करून स्मरणपत्र द्या. तरीही काही झाले नाही तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समोरच्या लिपिकाशी भांडू नका. त्याच्या टेबलावर तुमच्यासारखे दीडशे अर्ज असतात आणि ज्याच्याशी तो नीट बोलतो त्याचा अर्ज वर येतो, हा माझा अनुभव आहे.

८. विषय राहिला असेल तर संधी मोजा

एखादा विषय राहिला म्हणून खचण्याचे कारण नाही. मात्र ‘दोन वर्षे आहेत, काढू सावकाश’ हे वाक्य घातक आहे. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का होत नाही. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेल्या नियमांत नेमकी अट वाचा आणि मग पुढचा हिशेब करा.

समजा, पहिल्या सत्राचा एक विषय राहिला. दोन्ही हंगामांत सर्व सत्रांच्या परीक्षा होत असतील, तर तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशापूर्वी तीन संधी मिळतात : पहिल्या वर्षाचा उन्हाळा, दुसऱ्या वर्षाचा हिवाळा आणि दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा. विषम (पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या) सत्राची परीक्षा फक्त हिवाळ्यातच होत असेल, तर संधी एकच उरते. वरकरणी दोन वर्षे दिसतात, प्रत्यक्षात एक पेपर. त्या दिवशी ताप आला तर वर्ष गेले. म्हणून परीक्षा विभागाला विचारायचा नेमका प्रश्न असा : या सत्राचा राहिलेला विषय पुढच्या हंगामात देता येईल का?

एका हंगामात जुने किती विषय घ्यावेत, यावर माझे मत असे आहे की पहिल्या वर्षाचे आधी सगळे, मग दुसऱ्या वर्षाचे. सोपा आधी आणि अवघड नंतर, असा क्रम लावू नका, कारण वाट अडवतो तो जुना विषय. वेळापत्रक आल्यावर सकाळचे आणि दुपारचे दोन्ही रकाने पाहा. चालू सत्राचा आणि जुन्या सत्राचा पेपर एकाच दिवशी येणे नेहमीचेच आहे.

अभ्यासक्रम बदलला की जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही ठरावीक वेळाच घेतल्या जातात आणि त्यानंतर नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष विषय द्यावा लागतो. ज्यांचे जुन्या पद्धतीचे विषय अजून राहिले आहेत, त्यांनी तर एकही हंगाम सोडू नये.

९. शुल्क आणि शिष्यवृत्ती

हे थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक योजनेचे नियम वेगळे आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात आणि दर वर्षी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. आपण तीत बसत नाही असे घरबसल्या ठरवून अर्जच न करणारे पुष्कळ आहेत. अर्ज भरून भागत नाही. तो महाविद्यालयाच्या स्तरावर मंजूर होऊन पुढे गेला का, त्रुटी काढून परत आला का, हे दर पंधरवड्याला पाहावे लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जून-जुलैत गर्दी होते, म्हणून तो एप्रिलमध्येच काढा. शुल्काची थकबाकी राहिली की हॉल तिकीट किंवा गुणपत्रिका हाती पडताना अडचणी येतात. पैसे नसतील तर हप्त्यांसाठी प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा. ‘कमवा व शिका’ योजनेविषयी विद्यार्थी विकास विभागात चौकशी करण्यात संकोच वाटू देऊ नका.

१०. मध्येच थांबावे लागले तर कागद घेऊन थांबा

घरातले कर्ते माणूस आजारी पडते, मुलीचे लग्न ठरते, नोकरी लागते. नव्या रचनेत यासाठी जागा ठेवली आहे. पहिल्या वर्षाचे श्रेयांक पूर्ण करून आणि त्याला जोडून चार श्रेयांकांचे कौशल्याचे काम करून प्रमाणपत्र घेता येते, दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेऊन एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करता येते. मात्र न सांगता कॉलेजला जाणे बंद करणाऱ्याला यातले काही मिळत नाही; तो नोंदीत नुसता गैरहजर राहतो. अर्ज द्या, तोवरच्या गुणपत्रिका घ्या, श्रेयांक खात्यावर जमा दिसतात का ते पाहा, आणि मगच थांबा.

दोन पदव्या एकाच वेळी करण्यास २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची मुभा आहे. ज्याच्या पहिल्या पदवीचे विषय राहिले आहेत त्याने दुसऱ्या पदवीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

११. शेवटचे वर्ष : आधी जुळवणी, मग अभ्यास

पाचवे सत्र सुरू होताच वहीतल्या चारही सत्रांची बेरीज करा, गुणपत्रिकांशी ताडा आणि श्रेयांक खात्याशी पुन्हा ताडा. तीन ठिकाणी एकच आकडा यायला हवा. फरक असेल तर तो मिटवायला हातात अजून दहा महिने असतात.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगचे, चार श्रेयांक असतील तर ते १२० तासांचे काम होते. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, पतसंस्था, सनदी लेखापालाचे कार्यालय, कुठेही चालेल. पण महाविद्यालयाचे पत्र आधी घ्या, मग कामाला जा. आधी काम करून नंतर पत्र मागणाऱ्यांचे तास धरले जात नाहीत. रोजची नोंद रोज लिहा, तिच्यावर आठवड्याला सही घ्या, आणि शेवटच्या प्रमाणपत्रावर गोल शिक्का, तारखा व एकूण तास आहेत याची खात्री करून मगच तेथून निघा.

अंतिम निकालानंतर उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आणि दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकायचे असेल तर मायग्रेशन यांसाठी लगेच अर्ज करा. ग्रंथालयाचे एखादे पुस्तक राहिले असेल तर ना-देय दाखला तेथेच अडतो. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते आणि त्यासाठी वेगळा अर्ज व शुल्क असते. तो अर्ज भरला नाही तर पदवी मिळालेली असूनही प्रमाणपत्र छापले जात नाही. अर्जावर आपले आणि आईचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग तपासा. हाती आल्यावर ते लॅमिनेट करू नका. झेरॉक्सवाला आपुलकीने म्हणतो, ‘टिकेल चांगलं, करून टाका,’ पण पुढे परदेशी जाताना किंवा नोकरीत पडताळणी करताना मागच्या बाजूला साक्षांकनाचा शिक्का मारावा लागतो आणि प्लास्टिकवर तो बसत नाही.